ट्रेडमिलचा भाग मागवताय? आधी आपल्याकडची आवृत्ती नेमकी कुठली ते शोधा

माझ्या ट्रेडमिलचा रनिंग बेल्ट फाटला तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने दुकानदाराला फोन केला. मशीनच्या डिस्प्लेखाली ठळक अक्षरांत छापलेलं नाव वाचून दाखवलं. ‘हो साहेब, त्या मॉडेलचा आहे आपल्याकडे,’ असं उत्तर आलं आणि आठवड्याभरात बेल्ट घरी आला. बसवायला घेतला, तर आठ सेंटिमीटर आखूड. मागचा रोलर जेवढा पुढे येत होता तेवढा आणला, तरी बेल्ट काही रोलरवर चढेना. परत करायला गेलो, तर ‘पॅकेट फोडलेलं चालत नाही.’

दुकानदार खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडचा बेल्ट त्याच नावाच्या ट्रेडमिलचा होता, पण आधीच्या आवृत्तीचा. ट्रेडमिलवर मिरवणारं नाव हे विकण्यासाठी असतं. भाग मागवायला त्याचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी लागतात ते नंबर: चौकटीवरच्या स्टिकरवरचा, मोटारीच्या प्लेटवरचा, आतल्या सर्किट बोर्डावर छापलेला. तेही नसतील तर मेजपट्टीने घेतलेली मापं.

एक नाव, अनेक मशीन

चांगलं चाललेलं नाव कंपन्या वर्षानुवर्षं सोडत नाहीत. अमेरिकेतल्या सोल कंपनीची एफ८० ही ट्रेडमिल घ्या. नाव तेच, पण दर काही वर्षांनी डिस्प्ले, मोटार, कंट्रोलर (मोटार चालवणारा आतला बोर्ड) असं काहीतरी आत बदलत गेलेलं. होरायझनच्या टी१०१ चंही तसंच. डेकॅथलॉनच्या डोमिओसमध्ये निदान नावाच्या शेवटी अक्षर बदलतात. टी९००सी आणि टी९००डी या दोन वेगळ्या मशीन आहेत, पण घरात सगळे तिला नुसतं ‘टी नऊशे’ म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

आपल्याकडे याच्या उलटही चालतं. भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती ट्रेडमिलपैकी बऱ्याच चीनमधल्या कारखान्यांतून येतात आणि इथला आयातदार त्यांवर स्वतःचं नाव लावतो. म्हणजे एकच यंत्र तीन दुकानांत तीन नावांनी उभं असतं. ही गोष्ट आपल्या फायद्याचीही आहे. तुमच्या ब्रँडने दुकान गुंडाळलं असलं, तरी आतला कंट्रोलर दुसऱ्या नावाच्या मशीनसाठी अजून मिळत असू शकतो. फक्त तो नावाने सापडणार नाही, नंबराने सापडेल.

हात घालण्यापूर्वी

प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग दहा मिनिटं थांबा. आपल्या घरातला २३० व्होल्टचा प्रवाह कंट्रोलरमध्ये डीसी होऊन कपॅसिटरमध्ये साठतो, तेव्हा तो सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असतो. प्लग काढल्यावरही तो काही वेळ तिथे दबा धरून बसलेला असतो. कंट्रोलरवरचा लाल किंवा हिरवा दिवा विझलाय का ते पाहा, आणि विझला तरी बोर्डाच्या धातूला बोट लावू नका. आपल्याला तिथलं फक्त वाचायचंय.

घडीची ट्रेडमिल उभी करून खाली डोकावणार असाल, तर तिचं कुलूप खरंच बसलंय याची खात्री करा. पन्नास-साठ किलोचा सांगाडा पाठीवर घेण्याची हौस कुणालाच नसते. लागणारं सामान थोडंच: फोन, टॉर्च, ओलं फडकं, शिंप्याची कापडी टेप आणि स्टारचा स्क्रू ड्रायव्हर.

स्टिकर कुठे असतं?

पहिली जागा म्हणजे वायर मशीनमध्ये शिरते तिथे, मेन स्विचच्या आजूबाजूला. तिथे नसेल तर चौकटीच्या पुढच्या आडव्या नळीवर, मोटारीच्या कव्हरच्या खालच्या बाजूला, उभ्या खांबांच्या आतल्या अंगाला, डेकच्या, म्हणजे बेल्टखालच्या फळीच्या, पोटाखाली आणि पट्ट्याच्या मागच्या टोकाला. नवऱ्याने घामाचा टॉवेल अडकवून ठेवलेल्या खांबावर, टॉवेलच्या बरोबर मागे, असं स्टिकर मी एका घरी पाहिलंय. सगळ्या घराने आठवडाभर शोधलं होतं.

सापडलं की नंबर कागदावर उतरवू नका, फोटो काढा. डेकखाली डोकं घालण्याऐवजी फोनच आत सरकवा आणि टॉर्च बाजूने, तिरका धरा. समोरून फ्लॅश मारला की चकाकीत अर्धी अक्षरं गायब होतात. पुसट झालेलं स्टिकर ओल्या फडक्याने हलकं टिपा. थिनर किंवा सॅनिटायझर लावलंत तर उरलीसुरली शाईही जाईल. फोटो मोठा करून वाचताना शून्य की ओ, आठ की बी, पाच की एस, एक की आय, हे दोनदा तपासा. चुकीचे भाग येण्याच्या गोष्टींमध्ये या चार जोड्यांचा वाटा मोठा आहे.

स्टिकरवर सहसा दोन नंबर असतात. मॉडेल नंबर त्या आवृत्तीच्या सगळ्या यंत्रांना एकच असतो. सिरियल नंबर फक्त तुमच्या यंत्राचा, तो लांब असतो आणि बहुधा बारकोडच्या खाली छापलेला. विक्रेत्याला दोन्ही द्या. काही कंपन्या मॉडेल तेच ठेवून मधेच एखादा भाग बदलतात, आणि ‘अमुक सिरियलपासून पुढे नवा बोर्ड’ अशी नोंद फक्त त्यांच्या यादीत असते. जिममधल्या मोठ्या मशीनमध्ये, उदाहरणार्थ लाइफ फिटनेसच्या, डिस्प्लेचा सिरियल वेगळा आणि खालच्या सांगाड्याचा वेगळा असतो. सोसायटीच्या क्लबहाऊसमधली मशीन असेल तर दोन्ही घ्या, कारण आधीच्या कमिटीने कधीतरी डिस्प्ले बदललेला असू शकतो.

अमेरिकेतून सामानात आलेल्या मशीनबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. नॉर्डिकट्रॅक आणि प्रोफॉर्म या दोन्ही आयकॉनच्या. यूटा राज्यातल्या या कंपनीने २०२१ मध्ये आपलं नाव बदलून आयफिट केलं. त्यांच्या मॉडेल नंबरच्या शेवटी टिंब असतं आणि टिंबापुढे शून्य, एक, दोन असा एखादा आकडा. तो आकडा म्हणजेच आवृत्ती. लोक टिंबापर्यंतच वाचतात आणि नेमकं लागणारं सोडून देतात. सिअर्स दुकानातून घेतलेल्या जुन्या मशीनचा नंबर ८३१ ने सुरू होत असेल, तर बनवणारी कंपनी आयकॉनच आहे असं समजा. आणि नंबराच्या आधी स्टिकरवरचे व्होल्ट बघा. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर तिथला कंट्रोलर आणि इथला २३० व्होल्टचा कंट्रोलर दिसायला जुळे असले तरी एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

आवृत्ती ओळखणं हा कधीकधी सुरक्षिततेचाही प्रश्न असतो. ५ मे २०२१ ला पेलोटनने अमेरिकेत आपल्या दोन ट्रेडमिल परत मागवल्या. ट्रेड प्लसखाली मुलं ओढली जाण्याचे अपघात झाले होते आणि त्यात एक मूल दगावलं होतं. ट्रेड या दुसऱ्या मशीनचा स्क्रीन निसटून पडत होता. ओळखायचं कसं, तर ट्रेड प्लसचा मॉडेल नंबर टीआर०१ आणि ट्रेडचा टीआर०२, डेकच्या टोकाला लावलेल्या काळ्या स्टिकरवर. नावात फरक फक्त ‘प्लस’चा, पण दोष दोन वेगळ्या जातींचे.

स्टिकरच नसेल तर

सेकंडहँड मशीनचं बहुतेक वेळा हेच होतं. आधीच्या मालकाला फोन करा आणि बिल मागू नका, ‘ऑर्डरचा स्क्रीनशॉट’ मागा. बिल कुणी जपत नाही, पण खरेदीच्या ॲपमध्ये जुनी ऑर्डर राहते आणि तिथे मॉडेलचं पूर्ण नाव असतं. खोकं माळ्यावर पडलं असेल तर उत्तमच. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी आणि महिना-वर्ष छापावं लागतं. कारखान्याचा नंबर नाही मिळाला तरी कुणाला विचारायचं ते कळतं.

मॅन्युअल मिळालं तर आधी शेवटची पानं उघडा. सगळे भाग सुटे करून काढलेलं चित्र आणि त्याखाली क्रमांकांची यादी असेल, तर अर्धं काम झालं. मात्र इंटरनेटवर सापडलेलं मॅन्युअल तुमच्याच आवृत्तीचं आहे असं धरून चालू नका. चित्रातली डिस्प्लेवरची बटणं मोजा, मोटारीच्या कव्हरचे स्क्रू मोजा, मागच्या रोलरच्या टोप्यांचा आकार पाहा. एक जरी जुळत नसेल, तर ते भावंडाचं मॅन्युअल आहे.

कव्हर उघडून वाचायचं काय

मोटारीचं कव्हर चार ते सहा स्क्रूंवर असतं. स्क्रू वाटीत ठेवा आणि लांब-आखूड कुठून निघाले त्याचा फोटो घ्या. कव्हर उचललं की धुळीचा गालिचा दिसेल. तो कोरड्या ब्रशने झटका, मग वाचायला बसा.

मोटारीवर धातूची किंवा कागदी प्लेट असते. तिच्यावरचे व्होल्ट, अँपिअर, आरपीएम आणि फिरण्याची दिशा टिपा. डीसी की एसी हेही पाहा. घरगुती मशीनमध्ये बहुतेक डीसी असते, जिमच्या मोठ्या मशीनमध्ये एसी, आणि दोघांचे कंट्रोलर पूर्ण वेगळे. हॉर्सपॉवर मात्र टिपलीत काय, न टिपलीत काय. बाहेरच्या रंगीत स्टिकरवर ‘५ एचपी’ लिहिलेलं असतं. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, तेव्हा पाच म्हणजे ३७३० वॉट. आपल्या घरातल्या १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटमधूनही ३६८० वॉटच मिळतात, आणि ही मशीन लोक टीव्हीशेजारच्या छोट्या सॉकेटला लावतात. ती ‘पीक’ हॉर्सपॉवर असते, क्षणभराची. मोटार बदलताना प्लेटवरचे व्होल्ट-अँपिअर जुळवा. शिवाय शाफ्टची जाडी, पुलीवरच्या खाचा, बोल्टच्या भोकांमधलं अंतर आणि तारांची संख्या. दोन जाड तारांबरोबर दोन बारीक असतील, तर त्या बहुधा तापमानाच्या संरक्षणाच्या असतात. तशाच तारांची मोटार मागा.

कंट्रोलर, ज्याला टेक्निशियन लोअर बोर्ड म्हणतात, हा सगळ्यात जास्त चुकीचा येणारा आणि सगळ्यात महाग पडणारा भाग. त्यामुळे इथे घाई नको. बोर्डाच्या हिरव्या पाटीवर पांढऱ्या शाईत नंबर छापलेला असतो आणि त्याच्या शेवटी व्ही१.२, व्ही१.३ असं काहीतरी. शिवाय एखादं चिकटवलेलं स्टिकर असतं. दोन्हींचे फोटो हवेत, कारण पाटी एकच ठेवून वरचे घटक किंवा आतला प्रोग्रॅम बदलला की कारखाना फक्त स्टिकर बदलतो. आयकॉनच्या एमसी-२१०० या प्रसिद्ध घराण्यात शेवटच्या दोन-तीन अक्षरांनी वेगळे पडणारे कितीतरी बोर्ड आहेत. समोरासमोर ठेवले तर फरक सांगता येत नाही. तीच अक्षरं विक्रेत्याला हवी असतात.

मग डिस्प्लेकडून येणारी केबल पाहा. तिच्या प्लगमध्ये किती पिना? चार, पाच, सहा, आठ, काहीही असू शकतं. पण पिना जुळल्या म्हणजे जमलं असं नाही. काही डिस्प्ले खालच्या बोर्डाला साधे कमी-जास्त रुंदीचे ठोके पाठवून वेग सांगतात, काही संगणकासारखे आकड्यांत बोलतात. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, आणि नवाकोरा बोर्ड बसवूनही स्क्रीनवर एरर येत राहतो. म्हणून डिस्प्लेच्या मागचं झाकण उघडून तिथल्या पाटीवरचा नंबरही टिपा. एरर कोडवरून मात्र मशीन ओळखायला जाऊ नका. ई०१ चा अर्थ प्रत्येक कारखान्यात वेगळा असतो.

बोर्डावरून मशीनचं वय काढायची एक युक्ती आहे. काळ्या चिपांवर बारीक अक्षरांत बऱ्याचदा चार आकडे वेगळे दिसतात, समजा १९३४. म्हणजे २०१९ सालचा ३४ वा आठवडा. दोन-तीन चिपांवरचे आकडे एकाच काळाकडे बोट दाखवत असतील, तर मशीन त्यानंतरच बनलीय, आधी नाही. ‘२०१७ ला घेतली होती’ म्हणून विकणाऱ्याच्या यंत्रात अशी चिप सापडली, तर बोर्ड एकदा बदललाय हे कळतं आणि मग स्टिकरपेक्षा बोर्डावर विश्वास ठेवायचा.

बेल्ट दोन आहेत

मोटारीपासून पुढच्या रोलरपर्यंत जाणारा छोटा काळा पट्टा म्हणजे मोटर बेल्ट. त्याच्या पाठीवर १९० जे ६ असं काही छापलेलं असतं. १९० म्हणजे १९.० इंच लांबी, जे ही खाचांची जात, ६ म्हणजे सहा धारा. हाच बेल्ट मिलिमीटरच्या हिशेबात ६ पीजे ४८३ म्हणून मिळतो. छपाई पुसली असेल तर धारा मोजा. जे जातीत दोन धारांमध्ये २.३४ मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे सहा धारांचा बेल्ट साधारण १४ मिलिमीटर रुंद भरतो. लांबी दोरीने बाहेरून मोजा. हा बेल्ट ट्रेडमिलच्या दुकानातच मिळतो असं नाही. कारखान्यांना बेल्ट पुरवणाऱ्या, बेअरिंगच्या दुकानात हा नंबर सांगितला तर मिळण्याची शक्यता चांगली असते.

आपण ज्यावर चालतो तो रनिंग बेल्ट. त्यावर नंबर क्वचितच असतो, म्हणून मोजावा लागतो, आणि माझी चूक इथेच झाली. सोपी रीत अशी: प्लग काढलेला आहे याची पुन्हा खात्री करा. बेल्टच्या कडेला खडूने रेघ मारा, तिथून टेपने एक मीटर मोजून दुसरी, मग हाताने बेल्ट सरकवत पुढची, असं पहिली रेघ परत येईपर्यंत. बेल्ट तुटलेला असेल तर हिशेब करा. पुढच्या आणि मागच्या रोलरच्या मध्यांमधलं अंतर दुप्पट करा आणि त्यात दोन्ही रोलरच्या व्यासांची बेरीज गुणिले ३.१४ भागिले २ मिळवा. मध्यांमधलं अंतर १२८ सेंटिमीटर, पुढचा रोलर ५ आणि मागचा ४.५ सेंटिमीटर असेल, तर २५६ अधिक १४.९, म्हणजे जवळजवळ २७१. हे मोजताना मागचे ताणायचे बोल्ट पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर नकोत, मधे असू द्या. नाहीतर नवा बेल्ट ताणायला किंवा सैल करायला जागाच उरत नाही.

रुंदी बेल्टची घ्या, डेकची नाही. जाडी आणि खालच्या कापडाचा पोतही सांगा.

बाकीचे भाग थोडक्यात

सेफ्टी की म्हणजे ओढली गेली की मशीन थांबवणारी किल्ली. तिचं बाहेरचं प्लॅस्टिक महत्त्वाचं नाही, आतली चुंबकं महत्त्वाची: किती आहेत, कुठे आहेत, दोन असतील तर त्यांच्यामधलं अंतर किती. फ्रिजवरचं चुंबक तिथे कायमचं चिकटवून ठेवणारी घरं मी पाहिलीत. पडलात तर मशीन थांबणार नाही, एवढं त्यांच्या लक्षात येत नाही. चढ देणाऱ्या छोट्या मोटारीवर स्वतःचं स्टिकर असतं, तिच्या दांड्याची पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर असतानाची लांबी मोजा. डेकसाठी लांबी-रुंदी-जाडीइतकीच भोकांमधली अंतरं लागतात. रोलरसाठी नळीची लांबी, व्यास, आतल्या दांड्याची जाडी, आणि पुढच्या रोलरची पुली कुठल्या बाजूला आहे ते.

विक्रेत्याला काय लिहायचं

फोन करू नका, लिहा. मी आता असं पाठवतो: ‘मॉडेल नंबर हा, सिरियल हा, जुन्या बोर्डावर छापलेला नंबर हा, त्यावरच्या स्टिकरचा हा, केबलला इतक्या पिना, मोटारीच्या प्लेटचा फोटो जोडलाय. तुम्ही जो बोर्ड पाठवणार आहात त्याचा समोरून फोटो पाठवा. जुळला तर पैसे पाठवतो.’ फोटो मागितला की खरा विक्रेता पाठवतो. ‘सेम आहे साहेब, चालेल’ एवढंच उत्तर देणारा असेल तर मी पुढे जात नाही. मूळ भाग बंद होऊन पर्यायी भाग आला असेल, तर नंबर वेगळा दिसेल. तेव्हा ‘जुन्या नंबरऐवजी हा चालतो’ हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

कंपनीच दाद देत नसेल तर केंद्र सरकारचं राइट टू रिपेअर पोर्टल आहे, २०२२ च्या डिसेंबरात सुरू झालेलं. त्यात सगळे ब्रँड नाहीत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

पार्सल आलं की पॅकेट फोडण्यापूर्वी पारदर्शक पिशवीतूनच भाग जुन्या भागाशेजारी ठेवा: नंबर, प्लगची जागा, भोकं. बेल्ट असेल तर पिशवीवरचं माप वाचा. मग व्हिडिओ चालू करून फोडा.

दुसरा बेल्ट मी २७१ सेंटिमीटर सांगून मागवला आणि तो पहिल्याच प्रयत्नात बसला. तो ताणून झाल्यावर मोटारीच्या कव्हरच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करने सगळं लिहून ठेवलं: मॉडेल, सिरियल, दोन्ही बेल्टची मापं, बोर्डाचा नंबर. आठ सेंटिमीटर आखूड असलेला पहिला बेल्ट अजून गॅलरीत गुंडाळून पडलाय. त्याच्या मापाची मशीन कुणाकडे असेल तर घेऊन जावा.